डावं उजव्यावर

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं. कामावर आम्ही प्रत्येकाची नोंद ठेवतो. अंगठी निघत नव्हती, दाढी मुलानं केली, भांग उजवीकडून पाडा असं पत्नीनं सांगितलं. नोंद असली की पुढच्या पाळीच्या बाईला घरच्यांना तेच पुन्हा विचारावं लागत नाही. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं, असं मुरोई-सान म्हणतात. त्या मेलेल्यांबद्दल म्हणतात. आम्ही दोघी हान्नोच्या अंत्यविधीगृहात मृतांना आंघोळ घालतो आणि कपडे चढवतो. त्या तीस वर्षं, मी अकरा.

मी चिगुसाबद्दल लिहिणार आहे. माझी मुलगी, वय एकोणीस. जूनमध्ये कॉलेज सोडलं. आठवड्यातून चार सकाळी डबे भरण्याच्या कारखान्यात जाते. दर रविवारी साडेनऊला चाकांची मोठी बॅग खडखडवत बाहेर पडते, सातला परत येते.

"कुठे जातेस?"

"हाराजुकूला."

"काय करतेस तिथे?"

"उभी राहते."

आज परत आली तेव्हा कानामागे पांढरं दिसलं. चेहरा स्वच्छ धुतलेला, पण कानामागे कुणाचा हात पोचत नाही. मी आंघोळ घालताना तिथूनच सुरुवात करते, म्हणून मला ठाऊक. 

८ ऑक्टोबर

मुरोई-सानना सांगितलं. चहाच्या वेळी त्यांनी माझा फोन हातात घेतला.

"अगं हिरुमा, आजकालच्या मुलींचं कपाट नाही उघडायचं, फोन उघडायचा. चोरून बघायचं असेल तर खोटं नाव घ्यायचं. नातीनं शिकवलं मला."

"नातीनं? कशाला?"

"ती माझ्यावर तशीच नजर ठेवते. मी गोड खाते का ते बघायला."

खोट्या नावाला फोटो लागतो म्हणे. घरी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळाचा फोटो काढला, काठ उडालेल्या निळ्या ताटलीत एकच पिकलेलं काकी. नावही तेच ठेवलं, काकी. म्हणायला लाडकं वाटतं आणि माझ्याशी काही संबंध लागत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सापडली. चेहऱ्यावरून ओळखू आली नसती. हाराजुकू स्टेशनाजवळच्या पुलावर जमणारी पंधरा-वीस मुलं आहेत. चेहरा, मान, हात, सगळं पांढरं रंगवतात. कुणाच्या केसांत शेवाळ, कुणाच्या डोक्यावर कागदी शिंगं. त्यांत एक मुलगी शिरागुसा नावाची. तिच्या मनगटावर माझ्या नवऱ्याचं घड्याळ.

तिचे फोटो एकटीनं हात लांब करून काढलेले.  घड्याळ उजव्या हातात आहे. चिगुसा डाव्या हातात घालते. तिचा तीळ डाव्या डोळ्याखाली आहे, फोटोत उजव्या डोळ्याखाली. म्हणजे खरा तीळ रंगाखाली झाकला आणि दुसऱ्या बाजूला नवा काढला. एवढा खटाटोप कोण करतं? आणि किमोनोचा गळा. उजवी बाजू डाव्यावर.

 जिवंत माणूस डावी बाजू उजव्यावर घेतो. उजवी डाव्यावर फक्त मी घालते, माझ्या माणसांना. त्यांचं सगळं उलटं करायचं असतं. आधी गार पाणी, मग त्यात ऊन पाणी. पांघरुणाची डोक्याकडची बाजू पायांकडे. तीन वर्षांपूर्वी तिच्या बाबांना मीच तयार केलं. ती सोळा वर्षांची होती, दाराशी उभी राहून बघत होती. "बाबांचं उलटं का?" तिनं विचारलं होतं. मी एकेक करून सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. चुकून झालेलं नाही.

१४ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला आणि काकीच्या नावानं लिहिलं. "गळा उलटा दिसतो आहे. मुद्दाम का?"

तासाभरानं उत्तर आलं. "काकी-सान, आरशात बघा म्हणजे कळेल."

मला इतकं लागलं. अनोळखी मोठ्या बाईला असं बोलावं? आधी स्वतःचं तोंड आरशात बघा, असंच ना ते. हे तिला मी शिकवलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

जेवताना चिगुसा स्वतःहून बोलली. असं क्वचित होतं.

"आई, आम्हाला एक किमोनो-पोलीस भेटली आहे."

"म्हणजे?"

"रस्त्यात मुली दिसल्या की ओढून पट्टे सरळ करणाऱ्या बायका असतात ना, तशी. ही फोनवरची. काकी नावाची."

"काळजीपोटी बोलत असेल बिचारी."

"असेल. ताटली फुटकी आहे तिची." मग माझ्याकडे न बघता भाताचा वाडगा पुढे केला. "थोडा अजून."

मी म्हटलं, फुटक्या ताटल्या घरोघरी असतात. ती म्हणाली, "हो, असतात."

जेवणानंतर खिडकीतलं काकी तिनं कापून खाल्लं. आजवर ते फळ तिला आवडत नव्हतं. हेही लिहून ठेवते. आवडीनिवडी अचानक बदलल्या तर लक्ष द्यावं, असं कुठेतरी वाचलं होतं.

२३ ऑक्टोबर

आता मी रोज लिहिते, म्हणजे काकी लिहिते. चिगुसा उत्तरही देते. "काकी-सान, जेवलात का?" "आज कामावर फार उभं राहावं लागलं का? पाय गरम पाण्यात बुडवून ठेवा." अनोळखी बाईला विचारते, पाय दुखतात का. मी घरात लंगडत आले तरी वर बघत नाही.

मात्र संध्याकाळी न्हाणीघरात बादलीत ऊन पाणी भरलेलं असतं. बहुधा स्वतःसाठी काढून विसरून जाते. मन थाऱ्यावर नाही तिचं.

९ नोव्हेंबर, रविवार

ती गेल्यावर वरच्या कपाटातली खोकी काढली. नवऱ्याचे टाय नाहीत. चौदा होते. एक उरला आहे, आमच्या लग्नातला.

टाय कशाला लागले तिला? ही नोंद मला पूर्ण करवत नाही.

११ नोव्हेंबर

दुपारी पालिकेच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, सरळ विचारा. जीव नकोसा झालाय का, असं स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं कुणाच्या मनात ते येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी सगळं लिहून घेतलं.

जेवताना विचारलं, "चिगुसा, तू बरी आहेस ना?"

"हो. का?"

"काही नाही. लोणचं घे."

स्पष्ट शब्द तोंडात आलेच नाहीत. गेल्या वर्षी एका आईनं मुलाच्या उशाशी बसून मला सांगितलं होतं, "मी विचारलं होतं हो. हसला होता." तेव्हापासून मला हसण्याची भीती वाटते. चिगुसाही हसली असती.

१८ नोव्हेंबर

आज तिच्या खोलीत शिरले. शिरले, असंच लिहायला हवं. केर काढायला गेले होते असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

दाराआड हँगरवर पांढरा किमोनो लटकत होता. रेशीम माझ्याच लग्नातल्या किमोनोचं. मागच्या वर्षी तिनं मागितलं, मी दिलं होतं. लांब, पायघोळ, आतून काहीतरी जड अस्तर. शिवण सुबक, टाके सारखे. मी तिला सातव्या वर्षी शिवायला शिकवलं होतं, ते वाया गेलं नाही, असं क्षणभर वाटून बरं वाटलं. मग दोऱ्याची टोकं पाहिली.

एकाही दोऱ्याला गाठ नाही. सरळ धावदोरा, उलट टाका कुठेच नाही, टोकं मोकळी सोडलेली. पांढरा कपडा असा एकाच माणसासाठी शिवतात. मेलेल्याच्या कपड्याला गाठ मारायची नसते, गाठ मारली तर जीव अडकतो म्हणतात.

चिगुसा गाठ विसरणारी मुलगी नाही. तीन वेढे घेऊन मारायची आमच्या घरची गाठ माझ्या आईनं मला शिकवली, मी तिला.

१९ नोव्हेंबर

शिरागुसानं लिहिलं आहे: "डिसेंबरच्या सातला माझं शेवटचं पांढरं. त्यानंतर मी नाही."

खाली शंभरावर बदाम. शंभर माणसांना हे वाचून काही वाटलं नाही.

काकीनं विचारलं, "नाही म्हणजे कुठे जाणार?"

"सातला पुलावर या, काकी-सान. घरी सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही तरी या."

मुरोई-सानना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. "हिरुमा, पोरीला विचार."

"विचारलं. बरी आहे म्हणाली."

"तू नक्की काय विचारलंस?"



२५ नोव्हेंबर

तिच्या कामाच्या सकाळी मी गाठी मारते आहे. ती सातला जाते, माझी पाळी दहाची. मोकळी टोकं चौदा आहेत. मागच्या आठवड्यात पाच झाली, आज चार. दोरा न ओढता, टाका न हलवता, टोकाला तीन वेढे. पांढऱ्यावर पांढरं दिसतही नाही.

जीव अडकतो म्हणतात. अडकू दे.

२७ नोव्हेंबर

उरलेल्या पाच गाठी मारल्या. शेवटची मारताना बोट टोचलं, अस्तराला आतून रक्ताचा ठिपका लागला. अस्तर रंगीत आहे. पट्टे, ठिपके, काहीबाही. नीट पाहिलं नाही, माझ्या पाळीची वेळ झाली होती.

संध्याकाळी चिगुसा म्हणाली, "आई, सातला तुझी पाळी आहे?"

"का?"

"सहज."

"सुट्टी आहे."

"बरं," म्हणाली आणि उगाचच माझ्या पाठीला पाठ टेकवून बसली, लहानपणी बसायची तशी. माझ्या हातातून सुई पडली. निरोप घेणारी माणसं शेवटी फार गोड वागतात. हेही कामावर, मेलेल्यांच्या घरच्यांकडूनच ऐकलं आहे.

८ डिसेंबर, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सुट्टी मागून घेतली. सगळं क्रमानं लिहिते.

ती साडेनऊला निघाली, मी पाठोपाठ. तिच्या मागच्या डब्यात बसले. हाराजुकूला उतरून ती कपडे करायला गेली आणि मी पुलाच्या टोकाशी, फोटो काढायला जमलेल्या लोकांत उभी राहिले. हळूहळू ती मुलं येऊ लागली. जवळून बघितली तर साधी मुलं. एकाच्या शिंगाची चिकटपट्टी निघत होती आणि बाकीची त्याची थट्टा करत होती.

"अरे हरणा, शिकाऱ्यानं आधीच गाठलं वाटतं तुला."

मग चिगुसा आली. पांढरा चेहरा, पांढरा किमोनो. चार हातांवरून प्रथमच तिला त्या वेषात समोरून पाहिलं. तीळ डाव्या डोळ्याखाली. घड्याळ डाव्या मनगटावर. गळा डावा उजव्यावर, जिवंत माणसाचा.

मला वाटलं, तिनं विचार बदलला. रडू आवरेना.

तेवढ्यात रुका नावाची तिची मैत्रीण तिच्या गळ्यात पडली आणि हात लांब करून दोघींचा फोटो काढू लागली. मी तिरकी मागे उभी होते, मला चिगुसाही दिसत होती आणि फोनच्या काचेतली चिगुसाही. काचेतलीचा तीळ उजवीकडे. घड्याळ उजवीकडे. गळा उजवा डाव्यावर. दोघी एकाच वेळी हसल्या.

आरशात बघा म्हणजे कळेल. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चोपन्न दिवस मी ते शिवीसारखं वागवलं.

मला पळून जायचं होतं. पण मुलांनी गोल केला, चिगुसा मध्ये उभी राहिली आणि रुकानं जमलेल्यांना सांगितलं, "शिरागुसाचं शेवटचं पांढरं. दोरे ओढायचे आणि आतलं बाहेर येणार."

चिगुसानं खांद्यावरचा दोरा चिमटीत धरून ओढला. दोरा दोन बोटं आला आणि अडकला. दुसरा ओढला, अडकला. लोक फोन वर धरून थांबले होते. तिनं जोरानं ओढलं आणि काखेत रेशीम टर्रकन फाटलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो आहे.

ती दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. तीन वेढे. मग मान वर करून गर्दीकडे पाहत म्हणाली, अगदी हळू, "काकी-सान, आलात ना? पुढे या."

मी पुढे गेले.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" मी विचारलं.

"ताटलीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्याशी बोलत होतीस ना. काकी झालीस की बोलतेस तू. मला वाटलं, चालू दे." मग तिनं दोरा माझ्यापुढे धरला. "पण हे काय केलंस? गाठी कशाला?"

"तू लिहिलंस, त्यानंतर मी नाही."

"इथे नाही गं. रविवारी नाही. कोएंजीत एक कपड्यांचं दुकान आहे, तिथे शिवायचं काम मिळालंय, जानेवारीपासून. रविवारी दुकान उघडं असतं. तिथेच वर खोली आहे. तुला एकटीला सोडून जाते हे घरी तोंडानं सांगवेना, म्हणून इथे बोलावलं..." ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागली. मला वाटतं तेव्हा तिला कळलं. पांढऱ्या रंगाखालीही माणसाचा रंग उडालेला समजतो.

"आई. दोन महिने तू मनातल्या मनात मला कपडे चढवत होतीस?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"तसं काही नाही माझ्या मनात. ऐकतेस ना? बाबा गेले त्या वर्षी होतं थोडं. आता नाही."

त्या वर्षी होतं. मी तेव्हा रोज घरात होते, एकदाही विचारलं नाही. काल विचारलं, त्याच मदत-क्रमांकाच्या बाईंच्या शब्दांत, पुलावर, शिंगं लावलेल्या मुलासमोर. तिनं उत्तर दिलं. ते इथे लिहिणार नाही. सगळ्याच गोष्टी नोंदीसाठी नसतात.

मग ती म्हणाली, "कात्री आहे?"

कामाची छोटी कात्री माझ्या पिशवीत असतेच. मी तिच्याभोवती फिरत एकेक गाठ कापली. चौदा. तिनं बाह्या पसरून धरल्या होत्या. फाटलेली काख मात्र शिवायला हवी होती, आणि कपडे अंगावर असताना टाका घालू नये. घालायचाच तर "काढलं" असं तीनदा म्हणावं लागतं, म्हणजे कपडे काढून ठेवलेत असं सुईला वाटतं.

"म्हण," मी म्हटलं.

"काढलं, काढलं, काढलं," ती म्हणाली. रुकाही म्हणाली. हरीणही म्हणालं.

चार टाके घातले, शेवटी गाठ मारली. मग तिनं दोरे ओढले. या वेळी ते पाण्यातून निघावेत तसे निघाले. माझ्या लग्नाचं पांढरं रेशीम तिच्या पायाशी गळून पडलं आणि आत तिचे बाबा होते. त्यांचे टाय, उसवून, उलगडून, एकमेकांना जोडून शिवलेला किमोनो. मुलाखतीचा निळा. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशीचा करडा. कुणी सहलीवरून आणून दिलेला तो माशांचा, जो ते कधीच घालत नसत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून रेशीम गोळा करत होते, त्यामुळे मला नीट दिसलं नाही.

१० डिसेंबर

मुरोई-सानना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आपल्या धंद्याची खोड आहे ती. माणूस दिसला की आपण आधी गळा बघतो." आणि लपवलेला गोड बन माझ्यासमोर अर्धा तोडून ठेवला.

उरलेला चौदावा टाय, आमच्या लग्नातला, चिगुसाला दिला. म्हणाली, हा राहू दे, हा तुझा.

११ जानेवारी, रविवार

ती गेल्याला आठवडा झाला. न्हाणीघरातली बादली रिकामी असते. ती स्वतःसाठी पाणी काढून विसरत नव्हती, हे मला बादली पहिल्यांदा रिकामी दिसली तेव्हा कळलं.

आज तिचा फोटो आला, दुकानाच्या वरच्या खोलीतला. रंग नाही, साधा स्वेटर, हात लांब करून काढलेला. तीळ उजवीकडे. मी फोन घेऊन न्हाणीघरातल्या आरशासमोर गेले आणि फोटो आरशाकडे धरला. तीळ डावीकडे आला, घड्याळ डाव्या मनगटावर. माझी मुलगी. तिच्या मागे मी, विस्कटलेली, सकाळपासून तोंड न धुतलेली.

मग नीट पाहिलं. तिच्यामागच्या टेबलावर चहाचे पेले दोन आहेत. दुसरा मोठा आहे, पुरुषी. रुकाचा वाटत नाही.

मी विचारणार नाही. काकी विचारेल.